पाली शिकून पोट भरते काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

कमिटीने आम्हाला ‘धम्म आणि विज्ञान’ असा विषय दिला होता. त्या विषयावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो साखर कारखान्यातले मिल विभागाचे कामगार. तीसच्या वर हंगाम गव्हाणीच्या आणि चरकाच्या आवाजात गेले. दहावीनंतर शाळा सुटली, पुढचे शिक्षण रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून कमिटीची परवानगी घेऊन विषय बदलून घेतला. मागच्या महिन्यात वंदनेनंतर आपल्याच वस्तीतील एका माउलीने आम्हाला गाठले आणि विचारले, “दादा, पोरगी म्हणती मला पुण्याला जाऊन पालीत एम.ए. करायचंय. तिचे वडील म्हणत्यात, आधी नर्सिंगचं बघ. पाली शिकून पोट भरतं का हो?” त्या माउलीला तिथल्या तिथे घाईने उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हता. आज सर्वांसमक्ष देतो, कारण प्रश्न एकट्या त्या घराचा नाही.

काहीजण म्हणतील, धम्माचा आणि पोटाचा काय संबंध? धम्म विकायचा नसतो. बरोबर आहे. सुत्तनिपातात कसिभारद्वाजाची गोष्ट आहे. पेरणीच्या दिवसांत तो ब्राह्मण शेतकरी पाचशे नांगर जुंपून बसला होता. भगवान भिक्षेसाठी उभे राहिले, तेव्हा तो म्हणाला की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तूही नांगर, पेर आणि मग खा. भगवंतांनी सांगितले की आम्हीही शेतीच करतो, आणि श्रद्धेचे बी, प्रज्ञेचा नांगर असे सगळे त्याच्या भाषेत समजावून दिले. तो खूश झाला व त्याने खीर पुढे केली. भगवंतांनी ती घेतली नाही. उपदेशाच्या बदल्यात मिळालेले अन्न आपण खात नाही, असे ते म्हणाले. आपले बौद्धाचार्य लग्न लावतात, पुण्यानुमोदन करतात आणि त्याचा भाव ठरवीत नाहीत, ही रीत याच गोष्टीला धरून आहे व ती तशीच राहिली पाहिजे.

परंतु भाषा शिकविणे, शिलालेख वाचणे, ग्रंथांचे भाषांतर करणे, उत्खननावर काम करणे, ही विद्वत्तेची मेहनत आहे. हिचा मोबदला घेण्यात कमीपणा नाही. कारखान्यातला केमिस्ट उसाच्या रसाची तपासणी करून पगार घेतो, त्याला कोणी साखर विकली असे म्हणत नाही. हा फरक एकदा ध्यानात आला म्हणजे पुढचे बोलणे सोपे होते.

आता मुळाशी जाऊ. जर्मनी देशात धर्मशिक्षण हा सरकारी शाळेतला नियमित विषय आहे, तसे त्यांच्या राज्यघटनेच्या ७ व्या कलमातच लिहिले आहे. त्यामुळे तिथल्या विद्यापीठात धर्माचे शिक्षण घेणाऱ्या मुलाला समोर शाळा दिसते, शिक्षकाची जागा दिसते. आपल्याकडे तसे नाही. आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते की सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही कोणावर ते लादता येणार नाही. आपल्यासारख्यांच्या मुलांना शाळेत दुसऱ्यांचे स्तोत्र म्हणायला लावू नये, ही हमी त्या कलमात आहे. म्हणून ‘बौद्ध धर्माचा शिक्षक’ अशी सरकारी नोकरी आपल्या देशात नाही, आणि नाही याबद्दल आम्हाला खेदही नाही. पण धर्माचा अभ्यास करणे निराळे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात हा भेद मान्य केला की धर्मांविषयी माहिती व अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. विद्यापीठांतील पाली आणि बौद्ध अध्ययन हे विभाग या दुसऱ्या बाजूला मोडतात. तिथे पूजा शिकवत नाहीत. भाषा, ग्रंथ, तत्त्वज्ञान आणि इतिहास शिकवतात.

महाराष्ट्रात या विद्येची वाट कोणी पाडली हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी. घरी नारळाची बागायत, शिक्षण जेमतेम, पण बुद्धाचे चरित्र वाचून झपाटले. १८९९ च्या अखेरीस घर सोडून पुण्यास आले, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात गेले, तिथे बुद्धाचा धर्म शोधला तर निराशा झाली. मग सिलोनात म्हणजे आजच्या श्रीलंकेत कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले. परत आल्यावर कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. आणि इथे आजच्या विषयाच्या कामाची गोष्ट येते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कळविले की महाराष्ट्रात राहून काम कराल तर दरमहा ५० रुपये देऊ. कलकत्त्याला याहून किती तरी अधिक पगार मिळत होता. कोसंबींनी ५० रुपये घेतले. मराठी माणसाला पाली यावी हा त्यांचा हट्ट. पुढे अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संशोधनासाठी बोलाविले, आणि १९१२ पासून काही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. रा. गो. भांडारकरांच्या खटपटीने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली होती, तिचा हा उपयोग झाला. परळच्या गिरणगावात कामगारांच्या वस्तीत त्यांनी १९३० च्या दशकात ‘बहुजन विहार’ उभा केला. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. आम्ही कामगार असल्यामुळे आम्हाला हार्वर्डपेक्षा परळचा तो विहार जास्त मोठा वाटतो, हे आमचे मत समजा.

त्या पिढीत पाली शिकलेले पु. वि. बापट, ना. के. भागवत असे थोर प्राध्यापक झाले. चिमणरावाच्या विनोदी कथा लिहिणारे चिं. वि. जोशी हे बडोद्याच्या कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते आणि पुढे बडोदे संस्थानच्या दप्तराची जबाबदारी त्यांनी सांभाळली, हे किती जणांना माहीत आहे? म्हणजे पालीवाल्याला विनोदाचे वावडे नसते आणि दप्तरातही नोकरी मिळते! यातील बहुतेक मंडळी वरच्या जातींतली होती. हे आम्ही कुत्सितपणे म्हणत नाही, त्यांनी राबून ग्रंथ नागरीत आणले म्हणून आपल्याला वाचता येतात. पण १९५६ नंतर ज्या समाजाने हा धम्म अंगीकारला, त्या समाजातील मुले पाली शिकू लागली तेव्हा या विषयाला खरा धनी मिळाला.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून पर्शियन घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले. ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. जाडजूड खंड आहे. आपल्या विहाराच्या कपाटात असावा. मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ ला आणि औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, मिलिंद महाविद्यालय १९५० ला त्यांच्याच संस्थेने काढले. कॉलेजला मिलिंद हे नाव देणारा माणूस मिलिंदपञ्हो शिकणाऱ्या मुलीला वाऱ्यावर सोडा असे म्हणाला असता काय?

आता विद्यापीठात काय शिकवतात ते सांगतो, कारण घरच्यांची समजूत अशी असते की दिवसभर त्रिशरण-पंचशील म्हणवून घेत असतील. पहिले वर्ष व्याकरणात जाते. विभक्ती, धातू, संधी. ज्याला शाळेत मराठीचे व्याकरण कडू वाटले त्याला हेही कडूच वाटेल. मग धम्मपद, सुत्तनिपात, जातके, विनयातील उतारे, मिलिंदपञ्हो, अशोकाचे शिलालेख, अभिधम्म, पुढे नागार्जुनासारखे आचार्य, आणि इतिहास. तिथे शिक्षक विचारतात, हा भाग आधीचा की नंतरचा? श्रीलंकेच्या परंपरेत असे का, तिबेटी परंपरेत तसे का? काही पालकांना याची भीती वाटते. पोरगं शिकायला गेलं आणि उलट प्रश्न विचारायला लागलं, असे एकाने आमच्याजवळ बोलून दाखविले. आम्ही त्यांना म्हटले, मग बाबासाहेबांनी काय केले? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी विचारले आहे की म्हातारा, रोगी आणि प्रेत सिद्धार्थाने २९ व्या वर्षापर्यंत पाहिलेच नव्हते, हे पटते काय? आणि त्यांनी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याची हकिगत दिली. धर्मानंद कोसंबींनीही सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवून तंट्याचीच बाजू मांडली होती. पाण्याच्या पाळीवरून माणसे कुऱ्हाडी घेऊन उभी राहतात हे प्रवरा आणि मुळेच्या पाटाखाली राहणाऱ्यांना कोणी विद्यापीठातून येऊन सांगायला नको! पण हे सुत्त मूळ भाषेत वाचून दाखविणारा आपल्या वस्तीत एकही नाही. आम्ही नागरीतले पाली अक्षर लावून वाचतो, अर्थ मात्र भाषांतरातूनच घेतो.

शिकायचे कुठे? आपल्याला सर्वांत जवळचे पुणे आणि संभाजीनगर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालीचा विभाग आहे, आणि आपला जिल्हा त्याच विद्यापीठाखाली येतो. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाली व बौद्ध धर्माचा विभाग आहे. त्या विद्यापीठाचे नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झाले तेव्हा आम्ही विशीत होतो, त्यासाठी किती घरे जळाली हे मुलांना सांगावे लागेल. मुंबई व नागपूर विद्यापीठांतही सोय आहे. राज्याबाहेर दिल्ली विद्यापीठाचा बौद्ध अध्ययन विभाग, बिहारात भिक्खू जगदीश कश्यपांनी १९५१ साली उभे केलेले नव नालंदा महाविहार, आणि २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले नवे नालंदा विद्यापीठ आहे. सारनाथ आणि लेहच्या संस्था तिबेटी परंपरेच्या आहेत. एम.ए. पालीला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, मात्र त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. आमच्याही नाही.

आता पोटाचे. इथे आम्ही गोड बोलणार नाही.

पहिली वाट प्राध्यापकाची. एम.ए. ला ५५ टक्के, आपल्या अनुसूचित जातीच्या मुलांना ५० टक्के, आणि वर नेट किंवा सेट. नेटला पाली हा स्वतंत्र विषय आहे, शिवाय बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन असाही एक विषय आहे. परीक्षा कष्टाने सुटते. अडचण पुढे आहे. जागा थोड्या, आणि त्या निघाल्या तरी भरायला वर्षे लागतात. आमच्या नात्यातील एक पोरगा सेट पास आहे, पीएच.डी. चालू आहे, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास तितके पैसे. सुट्टी लागली की बंद. आपल्या कारखान्यातील हंगामी कामगाराची जी गत, पट्टा पडला की घरी, तीच गत एम.ए., सेट झालेल्या माणसाची. तो आम्हाला हसून म्हणतो, “काका, तुमचा हंगाम तरी ऊस असेपर्यंत चालतो.” हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याला ही वाट धरायची त्याने पाच-सात वर्षांची तयारी ठेवावी.

दुसरी वाट शाळेची. राज्य मंडळाच्या शाळांत संस्कृत, अर्धमागधीप्रमाणे पालीही घेता येते. पुस्तके आहेत. पण आपल्या भागात किती शाळांत पालीचा शिक्षक आहे? मागणी नाही म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून मागणी नाही. नुसत्या पालीच्या जोरावर बी.एड. करून शाळेत लागू असे धरून चालू नये. बी.ए. ला मराठी, हिंदी किंवा इतिहास असा शाळेत चालणारा विषय ठेवावा आणि एम.ए. पालीत करावे, म्हणजे दोन बैल जुंपल्यासारखे होते. एक बसला तरी दुसरा ओढतो.

तिसरी वाट स्पर्धा परीक्षेची होती, ती बुजली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पाली साहित्य हा ऐच्छिक विषय घेता येत असे आणि आपली पुष्कळ मुले तो घेत. २०१३ साली तो यादीतून काढला. त्या जुन्या आठवणीवर अजून काहीजण मुलांना सांगतात, पाली घे, कलेक्टर होशील. कृपा करून असे सांगू नका. एम.ए. झालेला मुलगा पदवीच्या जोरावर स्पर्धा परीक्षेस बसू शकतो हे खरे, पण पाली हा विषय तिथे त्याच्या कामी येणार नाही.

चौथी वाट बहुतेकांना माहीतच नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. भारतीय पुरातत्त्व खात्याची एक संस्था ग्रेटर नोएडाला आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची. तिथे पुरातत्त्वाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका मिळते. प्रवेशासाठी प्राचीन इतिहास किंवा पुरातत्त्वातील एम.ए. चालते, तसेच संस्कृत, पाली, प्राकृत यांसारख्या अभिजात भाषांतले एम.ए. सुद्धा चालते. म्हणजे हातात पालीचे एम.ए. असलेली मुलगी कुदळ-ब्रश घेऊन उत्खननावर जाऊ शकते. आणि आपण कुठे राहतो ते पाहा. आपल्याच प्रवरेच्या काठी नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये सांकलियांनी उत्खनन केले. याच नदीवरच्या दायमाबादला १९७४ साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडले, ते जगात नावाजलेले आहेत. नाशिक, जुन्नर, कार्ले, अजिंठा येथील लेण्यांत प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत दानाचे लेख आहेत. पाली येणाऱ्याला ते प्राकृत परके वाटत नाही. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्यवाल्यांच्या श्रेणींची नावे कोरलेली आहेत. ती नावे वाचणारा आपल्यातला असावा, असे आम्हाला फार वाटते.

याशिवाय हस्तलिखितांची सूची करणे, ग्रंथांचे मराठीत भाषांतर, वस्तुसंग्रहालये, अजिंठा-वेरूळला परवानाधारक मार्गदर्शकाचे काम. मार्गदर्शकाला पालीच्या जोडीला जपानी, थाई किंवा सिंहली यांपैकी एखादी भाषा आली तर त्याची किंमत वाढते, कारण बाहेरचे बौद्ध यात्रेकरू तिथून येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने त्रिपिटक आणि अट्ठकथा नागरी लिपीत छापल्या, अशा कामाला पालीचे जाणकार लागतातच. भूदलात धर्मशिक्षकाची भरती होते, तिथे बौद्ध भिक्खूचीही जागा असते. ही माहिती ऐकून दोन मुले आमच्याकडे आली होती. परंतु ती जागा महायान परंपरेच्या दीक्षित भिक्खूसाठी असते आणि मठाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र लागते. आपल्या एम.ए. वाल्याचा तिथे निभाव नाही, तेव्हा त्या जाहिरातीमागे धावू नये. बाहेरच्या देशात निराळे आहे. इंग्लंडमध्ये तुरुंगातील कैद्यांना धम्म सांगण्यासाठी १९८५ साली एक बौद्ध संघटना निघाली, तिचे नाव त्यांनी ‘अंगुलिमाल’ ठेवले. नाव ऐकूनच आम्हाला भरून आले. आपल्या तुरुंगांत असे काम करायला काय हरकत आहे, पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय होईल.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, चांगले केले. अभिजात दर्जामुळे संशोधनाला व अध्यासनांना पैसा मिळू शकतो. पण पेढ्याने जागा निघत नाहीत. शाळेत पाली मागितली पाहिजे, कॉलेजात विषय सुरू करण्यासाठी अर्ज केले पाहिजेत, मुले बसली पाहिजेत.

खर्चाचे म्हणाल तर फीची धास्ती घेऊ नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणचे वसतिगृह आहे, वसतिगृहात नंबर लागला नाही तर ‘स्वाधार’ योजना आहे, आणि पीएच.डी. करणाऱ्यास पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. नियम वर्षावर्षाला बदलतात. म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. दाखल्यावर आणि शाळा सोडल्याच्या कागदावर नावात एका वेलांटीचा फरक असला तरी फॉर्म परत येतो. राहुरीला तहसिलीत हेलपाटे घालणाऱ्या बापांना हे आम्ही सांगायला नको.

आता त्या माउलीला उत्तर. मुलगी हुशार आहे, भाषेची आवड आहे, रविवारच्या वर्गात लहान मुलांना शिकवते ते आम्ही पाहिले आहे. बी.ए. ला तिचा इतिहास आहे. तिला पाठवावे. वडिलांचे म्हणणे आम्ही मोडीत काढत नाही. नर्सिंगला लगेच नोकरी आहे, आणि घरात एकट्याची मजुरी असताना बाप लगेचची नोकरी बघणारच. जिला आवड नाही अशा मुलीला धम्माच्या नावाखाली पालीत ढकलले तर तो तिच्यावर अन्याय होईल. पण जिला आवड आहे तिने एम.ए. चालू असताना नेट-सेटची तयारी करावी, ब्राह्मी लिपी शिकावी, इंग्रजी पक्के करावे, आणि नोएडाच्या पदविकेची जाहिरात डोळ्यांत तेल घालून पाहावी. दोन वर्षांत त्यातले काहीच जमले नाही तर बी.एड. आहे. इतके पर्याय हातात ठेवून ती गेली तर पोट उपाशी राहणार नाही. श्रीमंत होणार नाही, हेही तिच्या वडिलांना आजच सांगून ठेवतो.

मात्र फी माफ झाली तरी पुण्यात मेस आहे, खोली आहे, बस आहे. शिष्यवृत्ती खात्यावर पडेपर्यंत सहा-आठ महिने जातात, आणि आपली मुले शिकणे सोडतात ती याच महिन्यांत. इथे विहाराचे काम येते.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने लेणे तर दिलेच, पण त्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. २००० चे वर्षाचे व्याज होते २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब बरोबर जुळतो, तुम्ही घरी करून पाहा. विणकरांकडे, म्हणजे कामगारांकडे, ठेव ठेवली होती हे विशेष. दगड कोरून झाला की काम संपले असे त्या काळच्या लोकांनी मानले नाही, आत राहून शिकणाऱ्याच्या कपड्याचीही सोय लावली.

आपल्या कमिटीने यंदा प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी सुरू केली आहे. कमान व्हावी, आमचा विरोध नाही, आमचेही नाव पावतीबुकात आहे. परंतु आमची सूचना अशी आहे की जमलेल्या रकमेतील निम्मी रक्कम पोस्टात कायम ठेव म्हणून ठेवावी, मुद्दलाला हात लावू नये, आणि व्याजातून दरवर्षी पाली, बौद्ध अध्ययन किंवा पुरातत्त्व शिकणाऱ्या आपल्या एका मुलाला अगर मुलीला मेसचा खर्च द्यावा. पहिल्या वर्षी व्याज पुरणार नाही. तेवढे वर्ष कारखान्यातील आम्ही सात-आठजण महिन्याला प्रत्येकी ठरावीक रक्कम घालायला तयार आहोत, तशी आमची बोलणी झाली आहेत. ज्याला मिळेल त्याने सुट्टीत गावी आल्यावर दर रविवारी विहारात पालीचा वर्ग घ्यावा, इतकीच अट. कमान त्यामुळे एक वर्ष पुढे जाईल.

हा ठराव आम्ही आज सायंकाळी वंदनेनंतरच्या बैठकीत लेखी मांडणार आहोत. ज्यांची हरकत असेल त्यांनी बाहेर पारावर न बोलता बैठकीला यावे, आणि महिलांनी विशेषकरून यावे, कारण वर्गणी घरोघर फिरून त्यांनीच जमविली आहे. वेळ साडेसात. जय भीम!